देवीच्या खांद्यावरची ओंबी

फाल्गुनातले ऊन आरंभी कोवळेच असते. सकाळी अंगावर उपरणे लागते, दुपारी ते घडी करून ठेवावे लागते. शिवारात करडईचे काटे वाळून पिवळे पडलेले असतात, हरभऱ्याचा घाटा बोटाने दाबला की फुटतो, आणि गव्हाच्या ओंब्यांवरून वारा गेला की कोरडी सळसळ दूरवर ऐकू येते. इतरांना या दिवसांत सुगीचा वास येतो. मला ओल्या गंधाचा येतो. दगडी मूर्तीला लावलेल्या आणि कडेने वाळू लागलेल्या गंधाचा. त्या वासामागून एक ओंबी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि पाहता पाहता गळू लागते.

याच महिन्यात आमच्या घरी वडिलांचे श्राद्ध येते. देवांच्या पानाशी यव आणि पितरांच्या पानाशी तीळ, हा क्रम लहानपणापासून हाताला इतका सरावाचा झाला आहे की त्यासाठी मनाला जागे करावे लागत नाही. किराणा दुकानातून जवांची पुडी येते. मी ती तबकात मोकळी करतो. दोन्ही टोकांना निमुळता, पोटावर रेघ असलेला, फिकट सोनेरी दाणा. या यवांना उद्देशून एक मागणे म्हणावयाचे असते: आमच्यापासून द्वेष दूर ठेव. हजारदा म्हटले असेन. त्या एका फाल्गुनानंतर मात्र ते म्हणताना जीभ क्षणभर अडते, आणि समोर बसलेल्यांना वाटते की म्हातारा विसरला.

नळदुर्गापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, बोरी नदीच्या काठी आमचे मूळ गाव. गावाबाहेर देवीचे लहानसे देऊळ. त्याला लागून नदीच्या अंगाने उतरत गेलेली काळी जमीन; तिला सगळे ‘देवीचे रान’ म्हणत. ते रान धोंडिबाचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कसत आले होते. दिव्याचे तेल, नवरात्रातला नैवेद्य आणि सुगीतला ठरलेला वाटा ते देवळात घालीत, उरलेल्यावर त्यांचा संसार चाले. देवळाची वहिवाट आमच्या घराण्याकडे होती. मी काशीला शिकून आलो आणि नळदुर्गात संस्कृत शिकवू लागलो, तेव्हा ती धाकटा चुलतभाऊ भाऊराव पाहू लागला. भाऊराव कष्टाळू होता, भाविक होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकल्यावर त्याला कोणी सोंगाड्या समजेल, आणि तसे समजणे सोपे आहे.

निजामाचे राज्य जाऊन आपला मुलूख देशात सामील झाला, त्याला तेव्हा दशक उलटून गेले होते. कचेरीतली उर्दू मागे पडली होती, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘दरखास्त’ आणि ‘तारीख’ तशीच होती. जो कसेल त्याच्या नावे रान होणार, अशी हवा गावोगाव होती. देवस्थानाच्या जमिनीचे काय होणार, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पाडव्यानंतर तलाठी येऊन कोण काय कसतो याची चौकशी करणार, एवढेच कळले होते. धोंडिबा त्या वर्षी बांधावर उभा राहून रानाकडे पाही तेव्हा त्याच्या पाहण्यात काही निराळे आले होते, असे भाऊराव म्हणे. मला विचाराल तर भाऊरावाच्या पाहण्यातही आले होते.

आदल्या वर्षी पाऊस रुसला होता. सरकारी दुकानात परदेशातला तांबूस गहू आला. लोकांनी तो नाके मुरडत खाल्ला. धोंडिबाने त्यातला थोडा राखला आणि नदीकाठच्या ओलसर मळीत पेरला. बी न निवडता पेरले. त्या गव्हाबरोबर समुद्रापलीकडून आणखी कायकाय आले आहे, याची कल्पना ना त्याला होती, ना धान्य पाठवणाऱ्याला असेल.

माघात एका सकाळी भाऊराव माझ्या दारात उभा राहिला. डोळे लाल, हातात ओल्या फडक्याचे गाठोडे.

“दादा, आधी हात धुवा.”

“का रे?”

“धुवा म्हणतो ना. पारोशानं हात लावायची वस्तू न्हाय ही.”

फडक्यात हिरव्या ओंब्या होत्या. लांब, ताठ कुसे असलेल्या, एखाद्या जनावराने शेपटी फुलवावी तशा. भाऊरावाचे डोळे भरून आले होते. “न पेरता उगवलंय दादा. देवीच्या रानात. गहू पेरला धोंड्यानं, आन्‌ आईनं यव दिले. आपल्या आज्यानंसुद्धा पाहिलं नसेल.”

खरोखरच आज्याने पाहिले नव्हते. आमच्या गावात जव कोणी पेरीत नसे. सोलापूरच्या बाजारातून पुडी यायची. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाने यव हाताळले होते, अग्नीत टाकले होते, पाण्यात सोडले होते. उभे पीक मात्र कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते. ते कुसे असलेले एक धान्य आहे आणि ते पवित्र आहे, इतकेच ज्ञान. ज्याने देवाला फक्त नैवेद्याच्या ताटाआडून पाहिले आहे, त्याला कोणत्याही मुखवट्यापुढे हात जोडावेसे वाटतात. भाऊरावाच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते. इतक्या वर्षांनी विचार करताना मला सर्वांत कडू लागते ते हेच. खोट्या अश्रूंशी भांडता येते.

मी मात्र यव उभे पाहिले होते. काशीला गंगेच्या पलीकडच्या तीरावर आमचे गुरुजी आम्हांला फाल्गुनात एकदा नेत. म्हणत, “ज्याचे हवन करता, ते वाऱ्यात कसे हलते ते तरी पाहून घ्या.” दवाने भिजलेली ती शेते, एका दिशेला झुकलेली, सकाळच्या उन्हात जणू त्यांच्यावर साय धरली आहे. गुरुजी एक ओंबी खुडून तिचा कणा दाखवीत. एकेका पेरापाशी तीन दाणे, कण्याला घट्ट बिलगून बसलेले, तिन्ही भरलेले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, म्हणून ओंबीला सहा रांगा. मग ते ती उलटी धरून जोराने झटकीत. काही पडत नसे. “माणसाच्या हाताची वाट पाहत थांबते, म्हणून हिला धान्य म्हणायचे,” असे ते म्हणत. त्या वेळी आम्हांला भूक लागलेली असे, आणि कोणाचे तिकडे लक्ष नसे.

भाऊरावाबरोबर मी गावी गेलो. रानाच्या बांधावर अर्धे गाव जमले होते. कोणी हळदकुंकू वाहिले होते, कोणी नारळ फोडला होता. गव्हाच्या मध्ये ते गवत जागोजाग झुबक्यांनी उभे होते, गव्हापेक्षा ठेंगणे. मी देवीला नमस्कार केला आणि लिंबाखाली बसलो. बाभळीचा एक काटा मागून घेतला, पांढऱ्या उपरण्यावर ओंबी ठेवली आणि तिचे एकेक तूस उलगडू लागलो.

इथेही एकेका पेरापाशी तीन तुसे होती. पहिल्या क्षणी माझेही मन हलले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मधलेच तूस कण्याला चिकटून बसले होते. कडेची दोन्ही बारीकशा देठांवर उभी होती. मधल्याच्या बाहेरच्या दोन पात्यांच्या कडांना पापण्यांसारखी नाजूक लव होती. काट्याने मधले फूल उघडले तेव्हा आत तीन पिवळे केसर आणि तळाशी दोन पांढरी पिसे दिसली. ही दाणा धरणारी. कडेची फुले उघडली. आकाराने ती मधल्याहून मोठी, कुसेही तशीच डौलदार. आत केसर होते, पण पिसे नव्हती. दाणा धरायला काहीच नव्हते. दुसरी ओंबी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच. दोन पोकळ सेवकांमध्ये एक किरकोळ धनी. पक्व झाल्यावर ही ओंबी काय करते, ते गुरुजींनी नदीकाठच्या रानगवतावर दाखवले होते: शेंड्यापासून तिघांचा एकेक झुबका सुटतो, आणि नुसत्या वाऱ्याने कणा मोडत मोडत खाली येतो. माणसाची ती वाट पाहत नाही.

“भाऊ,” मी म्हणालो, “हे यव नव्हेत. तिनातली दोन तुसे फोल आहेत. यवाच्या जातकुळीतले रानगवत आहे. परदेशी गव्हातून आले असावे.”

भाऊरावाने एवढेच उचलले, “जातकुळीतलं हाय ना? मग झालं! रानात वाढलं म्हणून काय आपलं माणूस परकं होतं व्हय?”

माणसे हसली. मीही क्षणभर हसलो. तेवढ्यात पाटील म्हणाले, “मंग आपलं धान्य आपणच पेरून आई रान मागती, आसंच की!” आणि हसणे थांबले. तोवर हे वाक्य कोणी उघड उच्चारले नव्हते. सगळे धोंडिबाकडे पाहू लागले. तो खांद्यावर घोंगडी टाकून कडेला उभा होता. त्याने पायांतली पायताणे काढून बाजूला ठेवली. स्वतःच्याच रानाच्या बांधावर.

धोंडिबाची बायको गोदा मात्र गप्प राहणारी नव्हती. ती माझ्या उपरण्याजवळ येऊन वाकली. “शास्त्रीबाबा, तिनातली दोन फोल म्हनताव न्हवं तुमी?”

“होय बाई.”

ती भाऊरावाकडे वळली. “ऐकलाव का? आमच्या बांधाचं कुसळ आन्‌ ह्ये सारकंच. आन्‌ आईला रान कशाला पायजे वो मालक? ती काय नांगर धरणार हाय का तुमी धरणार हाव?”

“गोदे, तोंड आवर,” धोंडिबा म्हणाला. “आईच्या रानात उभी हाईस.”

“तेच तर इचारती मी. आजवर उभी व्हते तवा चाललं ना तिला?”

त्या वेळी वाटले, प्रश्न मिटला. मी परत नळदुर्गाला आलो. शिकवणे, संध्या, संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूने फिरणे. सोलापूरकडून हैदराबादेकडे जाणाऱ्या मालमोटारी धूळ उडवीत जात. मनाला समाधान होते की शास्त्र कामी आले. विद्येचा हा एक गोड भ्रम असतो. आपण खरे बोललो म्हणजे ते ऐकले गेले, असे तिला वाटते.

फाल्गुन निम्मा सरला आणि निरोप आला: देवीला कौल लावायचा आहे, या.

आमच्या देवळात कौल लागतो तो भिजवलेल्या फुलाच्या पाकळीने. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात, आणि उजवी आधी पडली की होकार, डावी आधी पडली की नकार. मी या कौलावर विश्वास ठेवतो. आजही ठेवतो. माझ्या मुंजीचा दिवस त्याने ठरला, वडिलांच्या शेवटच्या आजारात धीर त्यानेच दिला. म्हणून पुढे जे झाले त्याविषयी मी बोलतो तेव्हा कोणी असे समजू नये की देवीवर बोट ठेवीत आहे. देवीला विचारण्याची एक रीत असते. त्या रीतीत तिला दोन्ही उत्तरे मोकळी ठेवलेली असतात.

त्या दिवशी भाऊराव म्हणाला, खूण ओंबीने दिली, तर कौलही ओंबीनेच. उजव्या खांद्यावर ती ओंबी गंधाने लावायची. आरती संपेपर्यंत गळली तर रान आईचे. न गळली तर धोंडिबाने खुशाल कसावे.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभा होतो. तबकात ओंब्या होत्या. वाळलेल्या, पिवळ्या, पूर्ण पिकलेल्या. पाहताक्षणी मी पुढे झालो.

“भाऊ, थांब. ही ओंबी गळणारच.”

“आईच्या मनात असेल तर गळेल.”

“आईच्या मनात नसले तरी गळेल. तो तिचा स्वभाव आहे. हे बघ.” मी तबकातून एक ओंबी उचलली आणि उपरण्यावर हलकेच आपटली. शेंड्याकडून झुबके सुटत गेले. हातात नुसती काडी राहिली. “इथे लावली तरी हेच, तुझ्या खुंटीला लावली तरी हेच. कौल लावायचा तर पाकळीने लाव. दोन्ही खांद्यांवर लाव. मी स्वतः प्रश्न सांगतो.”

कोणीतरी मागून म्हणाले, “शास्त्रीबाबा काशीहून आले आन्‌ आईलाच शिकवाया लागले.” भाऊरावाने हात जोडले. तो संतापला नव्हता. त्याला माझी कीव येत होती. “दादा, तुमच्या हातात गळली त्यो तिचा स्वभाव. आईच्या खांद्यावर गळंल ती आईची इच्छा. येवढं बी न्हाय का उमगत तुम्हांला?”

मी धोंडिबाकडे पाहिले. म्हटले, “तू तरी नाही म्हण. पाकळीचा कौल माग. तो तुझा हक्क आहे.” धोंडिबाने माझ्या उपरण्यावरची कुसे पाहिली, हातातली काडी पाहिली. मग मूर्तीकडे पाहिले. “आईला आट कशी घालू, बाबा?” तो म्हणाला.

संबळ वाजू लागले. घंटा घणघणली. त्या जुन्या दगडी गाभाऱ्यात संबळाचा नाद छातीत घुमतो, समईच्या ज्योती थरथरतात. गंध लावलेली ओंबी देवीच्या उजव्या खांद्यावर सोन्याच्या तुऱ्यासारखी दिसत होती. सुंदर दिसत होती, हेही सांगितले पाहिजे. पहिला झुबका सुटला आणि देवीच्या पदरावर अडकला. मग दुसरा. लोकांनी गजर केला. भाऊराव रडत होता. आरती संपायच्या आधी खांद्यावर फक्त काडी उरली, आणि मी पाहत होतो की प्रश्न विचारण्याआधीच ज्याचे उत्तर भरून ठेवले होते, असा तो कौल माझ्या देवीच्या नावावर लिहिला गेला. त्या गजरात मी माझ्या देवीला इतके एकटे कधी पाहिले नव्हते.

बाहेर आल्यावर धोंडिबाने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी म्हणालो, “अरे, तू फसवला जात आहेस.”

“तुमचं खरं आसंल बाबा,” तो म्हणाला. “तुमी शिकल्यालं. ती आपसूक गळती, म्या बी बगितलं. पर तिला धरून ठिवायचं आईच्या मनात आसतं, तर तिनं धरलं नसतं व्हय? तिनं न्हाय धरलं.”

त्याच्या श्रद्धेपुढे माझे ज्ञान लहान पडले, असे म्हणण्याची आमच्यात पद्धत आहे. मी तसे म्हणणार नाही. त्याची श्रद्धा निर्मळ होती, आणि तिचाच दोर करून त्याचे रान ओढून नेले गेले. पाडव्यानंतर तलाठी आला तेव्हा धोंडिबाने स्वतःच्या तोंडाने सांगितले की रान खुशीने सोडले. गोदा त्या दिवशी चावडीवर आली नाही. ती नदीवर धुणे बडवीत बसली होती, आणि त्याचा आवाज चावडीपर्यंत येत होता.

ते गवत पुन्हा उगवले नाही. आमच्या उन्हाळ्यापुढे ते टिकले नसावे. एका हंगामासाठी आले, एका घराण्याचे पिढ्यांचे मूळ उपटले आणि वाळून गेले. धान्याबरोबर नकळत आलेल्या गवताला मी दोष देत नाही. दोन फोल तुसांमध्ये एक दाणा वाढवणे आणि वाऱ्यावर गळून जाणे, एवढाच त्याचा धर्म. आपला धर्म सोडला तो आम्ही.

पुढच्या वर्षी भाऊरावाने सोलापूरहून खरे जव आणून देवीच्या रानात पेरले. माझ्या बोलण्याने तो मनातून दुखावला होता आणि मला ते पीक दाखवण्याची त्याला हौस होती. फाल्गुनात आग्रहाने बोलावणे आले. मी गेलो. गंगेपलीकडे पाहिले होते तेच. सहा रांगांच्या, जडावलेल्या ओंब्या, एका दिशेला झुकलेल्या. डोळे निवावेत असे दृश्य. “आता तरी यव म्हणाल ना दादा?” भाऊराव हसत म्हणाला. मी म्हणालो, “होय. हे यव.” तो आनंदाने कापणीची व्यवस्था पाहायला पुढे गेला.

कापणाऱ्यांत धोंडिबा होता. रोजावर. वाकून विळा चालवीत होता, आणि त्याच्या पाठीवर तेच ऊन होते. मला पाहून तो उठला, नमस्कार केला. मी एक पिकलेली ओंबी तोडली. तिला उलटी धरली आणि झटकली. पुन्हा, जोराने झटकली. एकही दाणा पडला नाही.

धोंडिबा बराच वेळ त्या ओंबीकडे पाहत राहिला. घाम त्याच्या भुवईवरून खाली आला, तो त्याने पुसला नाही.

“ही न्हाय गळत,” तो म्हणाला.

“नाही गळत.”

“खांद्याला लावली आसती तरी?”

मी नकारार्थी मान हलवली.

त्याने हात पुढे केला. मला वाटले, त्याला ती जवळून पाहायची असेल. मी ओंबी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती नीट पेंढीत खोवली, कुसे मोडू नयेत अशी, आणि पुन्हा खाली वाकत म्हणाला, “आईचं हाय बाबा ते. आसं तोडू नये.”